सुदामची बॉयलरची वही

आजवर हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सुदाम गायकवाड तिसऱ्यांदा नापास झाला तो माझ्यामुळे.

सुदाम आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलरवर हेल्पर, राहायला बदलापूरला हेंद्रेपाड्यात. बॉयलर अटेंडंटच्या तोंडी परीक्षेसाठी त्यानं एक वही केली होती. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. भेटेल त्याच्या हातात वही द्यायची आणि ताठ उभं राहायचं, "विचारा!" भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचारायच्या, "सेफ्टी व्हॉल्व्ह कशाला रे बाबा?" उल्हासनगरात पँट घ्यायला गेला, तर सिंधी शेठ वैतागला, "साईं, पँट लेनी है कि इंटरव्ह्यू देना है?" तरी पाच प्रश्न विचारलेच.

दोनदा आपटला होता. "भाऊ, डोकं बारीक आहे आपलं, पण पाठ सोडणार नाही."

मी तिथलाच अटेंडंट, ही परीक्षा केव्हाच पास झालेलो, त्यामुळे वहीतली उत्तरं माझी. तिसऱ्या वेळी मात्र मला धास्ती वाटली, हा पास झाला तर माझी दिवसाची जनरल शिफ्ट त्याला जाणार आणि मला रात्रपाळी. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी आग बंद करायची. मी सांगितलं, "आधी पंप चालू कर." तापल्या बॉयलरमध्ये असं पाणी सोडलं तर तो फुटू शकतो, हे मला ठाऊक होतं. महिनाभर मावशी आणि शेठ माझी लबाडी त्याच्याकडून घोटून घेत होते.

परीक्षकानं नेमका तोच प्रश्न विचारला आणि त्या उत्तरावरच त्याला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी सुदाम माझ्याकडे आला. "भाऊ, लिहून घेताना मीच चुकलो वाटतं." उत्तर खोडून परीक्षकानं सांगितलेलं बरोबर उत्तर लिहिलं आणि मावशींना, शेठला जाऊन दुरुस्ती सांगून आला. मावशी हळहळल्या, "अरे, म्हणजे मी तुला चुकीचं शिकवलं?"

"तुमचं काय चुकलं? चूक माझी."

चौथ्यांदा पास झाला. पहिला पेढा मला, तोही वाकून. माझी शिफ्टही कुठे गेली नाही.

मी म्हटलं, "आता वही ठेव माळ्यावर."

"नको भाऊ. बायको वारल्यापासून घरी बोलायला कोण नाही. वही काढली की चार माणसं बोलतात." मग नवं पान उघडलं. "आता वरची, फर्स्ट क्लास अटेंडंटची परीक्षा देतोय. उत्तरं तुम्हीच सांगा."

सांगतोय. प्रत्येक उत्तर दोनदा तपासून. पण ती चूक माझी होती, हे एक वाक्य मी सुदामचं अजून देणं लागतो.