तळ्याच्या रीतीनं उभारलेली दंडार

उमरावची दंडार, म्हणजे सोंगं घेऊन केलेलं नाचगाण्याचं नाटक, अशी झाली, की तिला नावं ठेवायला समोरून एक माणूस उठला नाही! पण ती झालीच नाही असं समजून आपण पुढं जाऊ. उमरावचीही तीच इच्छा आहे.

तर बिरसीच्या अलीकडच्या एका गावात, एकोणीसशे एकतीस साली, उमरावची बायको यशोदाबाई रुसून सालेकशाला माहेरी जाऊन बसली. कारण किरकोळ होतं. उमराव नांगर सोडून बैलांसमोर नाचायचा. सासरे उदाराम यांनी निरोप धाडला, "बैलायसमोर कायले नाचता जी? दिवाळीच्या मंडईच्या जत्रेत सोताची दंडार उभी करा. मी डोळ्यानं पाहीन, मंगच पोरगी धाडीन!"

उमरावनं मिशीला पीळ दिला. "नाच आपला, गाणं आपलं, सोंगं आपली! राजा मी!"

राजाकडं मुकुटापुरती चिंधी नव्हती. म्हणून तो गावचे पाणकर चैतराम यांच्याकडं गेला. तळ्याचं पाणी शेतोशेत वाटायचं काम त्यांचं. पाऊस पडला तरी आपल्याला न विचारता कसा पडला म्हणून ते दिवसभर गुरगुरायचे.

"यात काय कठीण हाय?" चैतराम म्हणाले. "तुह्या आज्यानं तळं कसं बांधलं? ज्या घरानं माती टाकली, त्या घराले पाणी भेटलं. तू घरटी टोपलंभर धान घे."

"आन् पाणी कुठून देऊ?"

"पाणी नाही बे! सोंग दे!"

झालं! आठ दिवसांत धानाची रास लागली आणि तेवढेच नट तयार झाले. गोपीचंदनं अर्धं टोपलं दिलं, म्हणून त्याला अर्धा राक्षस मिळाला. डरकाळी त्यानं फोडायची, मरायचं त्याच्या भावानं. शालीकरामनं दोन टोपली टाकली, सबब तो दोनदा मरणार होता. बायकांकडं एवढ्या नटांचा स्वयंपाक आला.

मंडईच्या दुपारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पण ती चौथऱ्यावर! समोरच्या तरटांवर माशीसुद्धा नव्हती.

"चैतरामजी, पाहणारं कोणीच नाही! सारं गाव इकडंच!"

"मंग? टोपलं टाकलं त्यायनं! उतरवू कोणाले?"

शेवटची आशा फुलचूरच्या पाहुण्यांवर होती. पाहुणे आले. चैतरामांनी वाटेतच काठी आडवी धरली, "फुकटचं पाणी भेटते काय कोणाले?" पाहुण्यांनी बैलबंडीतलं धान मोजून दिलं आणि हक्कानं वर चढले!

मग सासरे आणि यशोदाबाईला घेऊन सालेकशाची बंडी आली. सासऱ्यांनीही मुकाट टोपलं टाकलं. सोंग एकच शिल्लक होतं. राणीचं.

दंडार सुरू झाली. चैतराम काठी घेऊन मधोमध उभे. "राजा, तुही पाळी झाली, सरक! आता राक्षसाले सोडा!" उमराव असा नाचला, असा नाचला, की शेजारच्या तिघांना कोपर लागलं. बाकी कोणाला काही कळलं नाही.

शेवटी त्यानं मुकुट काढून विचारलं, "मामाजी, पाह्यली ना?"

"काय पाहू, कपाळ! पदरातून मले माह्ये पाय दिसून नाही राहिले! नाही पाह्यली. पोरगी येत नाही. यशोदे, चाल!"

यशोदाबाई बंडीतच बसून होती. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "बाबा, तुमी लाजून पदर वढला नं, लई गोड दिसले! हे सालेकशाले घरोघरी सांगू, का इथंच राहू?"

उदारामांनी तिचं गाठोडं उचलून स्वतः उमरावच्या घरात नेऊन ठेवलं. राणीचं लुगडं न बदलता!

संसार सुखानं लागला. पण यशोदाबाईनं पाहिले ते फक्त बाबा, दंडार कोणी पाहिली नाही, ही रुखरुख काही जाईना. दुसऱ्याच दिवशी उमरावनं अर्ज लिहवून घेतला:

"मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदाराची दंडार उत्तम असून प्रेक्षकांचा दुष्काळ आहे. तरी येत्या मंडईस, नाचता न येणारे व जवळ धान न बाळगणारे पन्नास इसम सरकारी खर्चाने धाडावेत. आणि त्या दिवसापुरते चैतराम पाणकर यांस काठीसह दुसऱ्या जिल्ह्यात कामगिरीवर नेमावे, ही नम्र विनंती."