कांबळे बाईंची शेजारीण

कांबळे बाईंच्या गणिताच्या तासाला ज्या मुलीला उत्तर येई, तिला ते सांगायची बंदी होती. हात वर केला रे केला, की बाई गरजत, "तुला येतंय न्हवं? मग गप बस. शेजारणीला समजावून सांग. ती उठून सांगंल!"

मग सातवीचा अख्खा वर्ग एकमेकींच्या कानाला लागायचा. भिंतीपलीकडे मी मराठी शिकवायचो. कविता ऐन रंगात आली, की पलीकडून आरोळी यायची, "आगं, छेद सारखा कर की आधी!" एकदा तक्रार घेऊन गेलो, तर बाई म्हणाल्या, "सर, तुमचा वर्ग लई शांत असतोय. पोरं जिती हाईत न्हवं?"

बाकावरच्या जोड्या त्या सोयरीक जुळवावी तशा जुळवत. भांडकुदळीशेजारी सोशिक, घाबरटीशेजारी बडबडी. एक नापास झाली की बोलणी दुसरीला. "शेजारीण बुडत हुती तवा तू काय करत हुतीस?" यावरून आया शाळेत भांडायला येत. बाई त्यांना चहा पाजून, त्याच बाकावर बसवून पुढचा तास ऐकायला लावत. दुसऱ्यांदा कोणी आलेली मी पाहिली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. त्या जूनमध्ये जवळच्या गडमुडशिंगी गावची सुरेखा सातवीत आली. गणितात एकदा गचकलेली, वर्गात सगळ्यांत उंच आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तिचे वडील शिरोलीला लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं, "सहामाहीला पुन्हा नापास झाली, तर शाळा बंद. घरात काम काय कमी हाय?"

नेमकी मुलींची संख्या विषम झाली आणि सुरेखा एकटी उरली. बाईंनी एका बाकावर तिघी बसवून पाहिल्या नाहीत. "तिघींत एक नुस्ती मान हलवत्या," असं त्यांचं मत. त्या स्वतःच पदर खोचून सुरेखाशेजारी बसल्या. आमच्या बाई अंगानं भरलेल्या. बाक कुरकुरला, वर्ग हसला.

फळ्यावर मंगल नाहीतर दुसरी एखादी मुलगी उदाहरण सोडवायची. बाई सुरेखाला कोपरानं ढोसून म्हणायच्या, "मला न्हाई बाई समजलं. तू सांग की." सुरेखा आधी नुसती बघत राहायची. मग खालच्या आवाजात सांगू लागली. पुढं तर बाई मुद्दाम चुकल्या, की ती चक्क रागवायची.

एकदा मुख्याध्यापक दारात येऊन थबकले. "कांबळे बाई, तास कोण घेतंय?"

"मंगल घेत्या, सर. मी सुरेखाची शेजारीण हाय."

सहामाहीत सुरेखा गणितात पास झाली. पेढे तिच्या वडिलांनीच आणून दिले.

दिवाळीनंतर गारगोटीहून बदलून आलेल्या एका कारकुनाची मुलगी वर्गात दाखल झाली. मी त्या वेळी गोंगाटाची तक्रार करायला दारात उभा होतो. नवी पोर दप्तर छातीशी धरून रडवेली झालेली. कुणी काही म्हणायच्या आत सुरेखा मागच्या बाकावरून ओरडली, "ए, हिकडं ये! मी सांगते तुला सगळं." आणि शेजारी वळून म्हणाली, "बाई, तुमी उठा की आता."

वर्ग खो खो हसला. बाईही हसत हसत उठल्या, नव्या पोरीला जागा करून दिली आणि माझ्याबरोबर व्हरांड्यात आल्या.

"उठवलं की वो मला," त्या म्हणाल्या.

"तुमचाच विजय आहे, बाई."

"व्हय तर!" त्यांनी पदरानं हात पुसले. खडू केव्हाच गेला होता, तरी पुसत राहिल्या. "आमच्या गावच्या शाळंत सर, माझ्याशेजारी कोण बसत नव्हतं. मास्तर बसवायचे न्हाईत, पोरीबी बसायच्या न्हाईत. मॅट्रिकपातूर एकटी."

का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या पिढीच्या बौद्ध घरांतल्या मुलांना गावानं कुठं बसवलं होतं, हे मला ठाऊक होतं. मला माझ्या तक्रारीची लाज वाटली.

आत सुरेखा नव्या मुलीला काहीतरी शिकवत होती. बाई दारातून बराच वेळ त्या बाकाकडे बघत राहिल्या.

"लई ग्वाड शेजारीण हुती, सर," त्या म्हणाल्या. "पयलीच."