पैलतीराचं कार्ड

हिवाळ्यात नत्थूजी ठवकरांच्या अंगात कोणी कधी जागं व्हायचं, हे ठरलेलं होतं. आधी उजवा गुडघा, मग डावा, मग दहा बोटं आणि सगळ्यात शेवटी खुद्द नत्थूजी. चौतीस वर्षं नागपूरच्या एका टपाल कचेरीत उभ्यानं पत्रं वेगळी करून खणांत टाकता टाकता सांध्यांचा पार भुगा झाला होता. एकतीस जानेवारीला रिटायर व्हायचं होतं, आणि त्याच दिवशी जरीपटक्याजवळचं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. जायचं कुठं, एवढाच प्रश्न उरला होता.

त्या लाकडी खणांत सगळ्यात वरचा, कोपऱ्यातला खण अंदमानचा. पाच वर्षांपासून नत्थूजींचा हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून मनच जाऊन बसायचं. त्यात जुना सोबती केशव. तो बदलीवर पोर्ट ब्लेअरला गेला आणि तिथंच राहिला. त्याचं पत्र आलं होतं : ‘इथे थंडी नावाला नाही. नागपूरहून आणलेल्या स्वेटरचं मी पायपुसणं केलं. मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. ये.’

“आपल्या रामटेकले काहून नाही जायचं?” तुळसाबाईंनी विचारलं. त्यांचा भाऊ धोंडबा रामटेकला होता आणि त्यानं बहिणीसाठी एक खोली सारवून ठेवली होती.

“त्याची खोली धानाच्या बांधीले लागून, सदा चिखल अन् ओल. मले काय गुडघ्याचं रोवणं करायचं हाये तिथं?”

“अन् चोहूकडून समुद्र, तिथं कोरडं असते वाट्टे?”

“तो गरम पाण्याचा समुद्र हाये.”

“अजी, पण तिथं तर कैदी धाडत होते!”

“मग? जन्मठेप चौदा वर्सांची. मी दोनदा भोगून वर सहा वर्सं उरलो. माह्यावाणी हक्कदार कोण?”

तुळसाबाई गप्प झाल्या. बाई गप्प झाली की पुरुषाला वाटतं आपण जिंकलो. नत्थूजींनाही तसंच वाटलं, आणि त्याच भरात ते धोंडबाला ‘खोली नको’ असं कार्ड लिहायला बसले.

बसले म्हणजे शेजारच्या मधुकररावांना बसवलं, कारण स्वतःच्या बोटांत पेन ठरत नव्हतं. मधुकरराव मराठीचे निवृत्त मास्तर. अक्षर मोत्यासारखं, आणि मोती जिथंतिथं ओवायची खोड.

“लिहा, आम्ही अंदमानले जाऊन राहिलो, खोली दुसऱ्या कोनाले दे.”

“नत्थूजी, सासरी इतकं रोकडं लिहितात का? आणि अंदमान शब्दच नको. धोंडबाला वाचता येत नाही, कोणीतरी चौकात वाचून दाखवणार. गावाला वाटेल, तुम्हाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गैरसमज नको.”

गैरसमज टाळण्यासाठी मधुकररावांनी जे लिहिलं ते असं : ‘आमचे नत्थूजी सर्व पाश सोडून, जिथे थंडी नाही, वेदना नाही, अशा पैलतीरी प्रस्थान ठेवीत आहेत. त्यांच्यासाठी राखलेली खोली आता नको. तुळसाबाईंनी मन घट्ट केले आहे.’

वाचून नत्थूजींचेच डोळे पाणावले. आपण इतक्या चांगल्या ठिकाणी चाललोय, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

कार्ड टाकायला ते स्वतः निघाले. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला, म्हणून कार्ड दातात. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होताच. पेटीपाशी येऊन त्यांनी दोन्ही मनगटांत धरून कार्ड ओढलं आणि आत ढकललं. दाताखाली काहीतरी राहिलं. सुपारीचं खांड समजून नत्थूजी ते थुंकले आणि घरी आले.

ती सुपारी नव्हती. तो कार्डाचा कोपरा होता.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कचेरीत त्यांच्या हाताखालच्या लहानूनं ते पाहिलं, फक्त पत्ता वाचला आणि सगळं काम बाजूला सारून पहिल्या थैलीत घातलं. ‘असं कार्ड एक घडीही थांबवायचं नाही,’ ही शिकवण त्याला नत्थूजींनीच दिली होती.

दोन दिवसांनी संक्रांत. नत्थूजींनी दोन दिवस रजा टाकली होती. तुळसाबाई आत तिळाचे लाडू वळत होत्या. अंगणात बाजेवर नत्थूजी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घेऊन उन्हात पडले होते. सांधे दहाच्या आत सुटत नसत, म्हणून हालचाल शून्य. तेवढ्यात फाटकातून धोंडबा शिरला, मागे रामटेकची अकरा माणसं.

“भाऊजीऽऽ!” धोंडबानं हंबरडा फोडला. “माह्यासाठी थांबवून ठेवलं वं माय!” आणि त्यानं धावत येऊन चादरीतल्या दोन्ही गुडघ्यांना कडकडून मिठी मारली.

त्यासरशी चादरीतून जी किंकाळी उठली, तिनं अकरापैकी सात माणसं फाटकाबाहेर गेली. त्यातली दोन थेट बस स्टँडवर सापडली म्हणतात.

नत्थूजी उठून बसले. समोर एक अनोळखी माणूस. डोकं गुळगुळीत, ओठ उघडा.

“कोन गा तू?”

“मी धोंडबा! भाऊजी, तुम्ही मेले ना?”

“कोनं सांगितलं?”

“तुमच्याच कार्डानं! कोपरा फाटेल होता. गुरुजीनं वाचलं, पैलतीरी गेले म्हने.”

“कुठं हाये कार्ड? दाखव!”

“असं कार्ड कोनी घरात ठेवते का? दाराबाहेर आयकलं, फाडलं, थंड्या पान्यानं आंघोळ केली. तवापासून नाक वाहून राहिलं.” धोंडबानं ओठावर हात ठेवला, तिथं काही नव्हतं, आणि आता तो खरंच रडू लागला. “तुम्हाले पोरगा नाही. म्हटलं, अग्नी मीच देतो. बावीस वर्साची मिशी, भाऊजी! रामटेकच्या न्हाव्यानं दोनदा इचारलं, काढू का? म्या म्हटलं, काढ!”

नत्थूजींच्या उभ्या आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी इतकं मोठं काही काढून ठेवलं नव्हतं. तुळसाबाई दारात आल्या, भावाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, “गोड बोल, धोंडबा.” मग नवऱ्याकडं पाहिलं. “अन् तुम्ही काहीच बोलू नोका.”

एवढ्यावर भागलं असतं. पण घर सापडेना म्हणून धोंडबा वाटेत टपाल कचेरीत पत्ता विचारून आला होता. कचेरीनं पत्ता दिला, मग बातमी ऐकली, मग दोन मिनिटं उभी राहिली. साहेबांनी एकतीस तारखेच्या निरोपासाठी पाठ केलेलं भाषण तिथंच म्हटलं. फक्त ‘आहेत’च्या जागी ‘होते’ घातलं. लहानूनं रडत रडत केशवला पोर्ट ब्लेअरला तार ठोकली.

तिसऱ्या दिवशी नत्थूजी कामावर गेले, तर भिंतीवर स्वतःचाच फोटो, झेंडूच्या हारासकट.

“लहानू, अबे मी जिता हाये. केशवले उलटी तार कर.”

“काय लिहू, नत्थूजी? मेले ते उठले? साहेब म्हनते, टपाल खात्याची इज्जत हाये. पत्र टाका.”

नत्थूजींनी पत्र टाकलं. पण पत्र बोटीनं जातं आणि बोटीला कुणाच्या जगण्यामरण्याची घाई नसते. एकतीसला निरोप समारंभ झाला, त्यात साहेब एवढंच म्हणाले, “जे बोलायचं ते मी मागेच बोललो,” आणि तो फोटो उतरवून त्यांच्याच हातात दिला. हार सुकला होता, पण काढला नव्हता.

क्वार्टरवर सामान बांधून पडलं होतं. बैलगाडीवर की बोटीवर, हे अजून ठरायचं होतं. त्याच संध्याकाळी केशवचं पाकीट आलं. पत्ता : ‘कै. नत्थूजी ठवकर यांच्या पत्नीस.’ मधुकररावांनी वाचलं.

‘वहिनी, नत्थू गेला. आता खरं सांगायला हरकत नाही. इथे थंडी नाही, पण आठ महिने पाऊस. भिंतीला बुरशी, उशीला बुरशी. माझे गुडघे दोन वर्षांपासून कुलूपबंद आहेत. नत्थूला हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तो आला नसता. या दोन खोल्यांत आपल्या बोलीत एक शिवी देणारासुद्धा कोणी नाही, वहिनी. आता तोच येत नाही, तर मी कोणासाठी थांबू? रामटेकला त्याच्यासाठी एक खोली राखली होती, असं तो लिहायचा. रिकामी असेल तर कळवा.’

नत्थूजी आपल्या वाकड्या बोटांकडं पाहत होते. अंदमानचा खण आतून ओला असेल, हे चौतीस वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं.

“साला,” ते म्हणाले. “मले बुडवाले बलावत होता.” आणि थोड्या वेळानं, “लिहा, मधुकरराव.”

“पैलतीरावरील प्रिय सख्या...”

“एक मोती नाही! लिहा : मी मेलो नाही. खोली रिकामी नाही. पन दोन बाजा मावते. ये.”

कार्ड टाकायला तुळसाबाई गेल्या. पदराखाली धरून, चारी कोपरे मोजून.

मार्चात रामटेकला उन्हं चांगली तापली. नत्थूजी बांधीकडं पाठ करून बाजेवर पडले होते. सांधे आता साडेआठलाच सुटत. शेजारी धोंडबा नव्यानं उगवलेल्या मिशीला तेल लावत होता. पोस्टमननं फाटकावरूनच कार्ड दाखवलं. पोर्ट ब्लेअरचं. कोपरा नव्हता.

तुळसाबाई दारातच थबकल्या. चादर बाजूला सारून नत्थूजी म्हणाले, “बाहेरच वाचा बाप्पा.”

पोस्टमन वाचू लागला. “बोटं चालत नाहीत...”

“थांब!” धोंडबानं दोन्ही हातांनी मिशी झाकली. “आधी शेवट वाच!”

“...म्हणून कार्ड दुसऱ्याकडून लिहून घेतलं, दातात धरून पेटीपर्यंत नेतो. पाच तारखेच्या बोटीनं निघतो. बाज उन्हात टाकून ठेवा. केशव.”

नत्थूजी हसायला लागले, ते गुडघे दुखेस्तोवर. तुळसाबाई दुसरी बाज ओढायला आत वळल्या. धोंडबानं मात्र मिशीवरचे हात काढले नाहीत.

“भाऊजी,” तो म्हणाला, “तो येऊ दे, हजारदा येऊ दे. पन या घरात उद्यापासून कार्ड मी टाकीन.”