हार्लनची शिंक

कण भरायच्या दिवशी हार्लनला कॉफी विचारायची नाही, हे अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. कॉफीनं हात थरथरतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पत्र्याला पाडलेलं केसाएवढं भोक, त्यात त्याहून बारीक खनिजाचा कण ठेवायचा, तोही काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं. मग हिरे आवळले की पृथ्वीच्या पोटातला दाब तयार! वीस वर्षांत हार्लनचा एकही कण पडला नव्हता. हे तो दिवसातून दोनदा सांगायचा.

आजचा हिरवट कण तरुण संशोधक रोवेनाचा होता. आठ महिने खपून तिचा हा एकच धड निघाला होता. उद्या सकाळी आठला क्ष-किरणांच्या यंत्रावर तिची पाळी. ती हुकली तर पुढची वर्षानं, आणि तिची नोकरी तर जूनमध्येच संपणार होती.

"हार्लन, जपून हं."

"अगं, डोळे मिटून ठेवीन!" हार्लननं कण उचलला, भोकावर नेला आणि तो सणसणीत शिंकला.

कण गायब.

"हलू नकोस! श्वाससुद्धा सोडू नकोस!"

"सोडायचा तेवढा तुम्ही सोडलात की!" रोवेना रडकुंडीला आली.

पंखे बंद झाले. टेबलावर चिकटपट्टी दाबून सतरा कण मिळाले, सतराही धुळीचे. मग हार्लनची बाही तपासली. मग रोवेनाची नजर त्याच्या दाढीवर गेली.

"वाका खाली."

नेमके तेव्हाच संचालक विन्स्लो पाहुण्यांना घेऊन आत आले. हार्लनची हनुवटी सूक्ष्मदर्शकाखाली, आणि रोवेना चिमट्यानं दाढी विंचरतेय!

"हे काय चाललंय?"

"नमुन्याची तपासणी," हार्लन वाकल्या वाकल्या ठणकावून म्हणाला. पाहुण्यांनी आदरानं माना डोलावल्या.

दाढीत निघालं ते दुपारी खाल्लेल्या प्रेट्झेलचं, म्हणजे खारट बिस्किटाचं मीठ. रोवेना खुर्चीत बसून डोळे पुसू लागली. निदान रिकामं भोक तरी साफ करावं म्हणून हार्लननं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो तसाच राहिला.

"रोवेना, इकडे ये. इथं कुणीतरी आधीच जागा अडवलीय."

भोकाच्या बरोब्बर मधोमध हिरवट कण बसला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"वीस वर्षांत एकही पडला नाही," हार्लन दाढी झाडत म्हणाला. "सांगत नव्हतो?"

दुसऱ्या दिवशी प्रयोग झकास झाला आणि रोवेनाची नोकरी दोन वर्षांनी वाढली. पुढच्या खेपेला तिनं नवा कण आणला. हार्लननं ऐटीत काडी उचलली, तशी तिनं मुकाट्यानं त्याच्या नाकासमोर मिरपुडीची डबी उघडून ठेवली.