सम्राज्ञी रागावते ते प्रकरण

आमचे शेजारी अण्णा गायधनी यांनी आपल्या कादंबरीत दोन आकाशगंगांमधलं युद्ध दोन वाक्यांत संपवलं होतं. 'घनघोर युद्ध झाले. दोन्ही बाजूंचे बरेच लोक गेले.' पुढे यानातल्या शीतयंत्राची माहिती मात्र पानंच्या पानं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "युद्ध मी पाहिलेलं नाही. कॉम्प्रेसर पाहिलाय."

अण्णा पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होते. नव्वदच्या दशकात पंचवटीहून रोज एसटीने जायचे आणि वाटेत कादंबरी रचायचे. कल्पना अफाट! झेमरी नावाच्या ग्रहावर काळ द्राक्षांसारखा घडांनी लागतो. पिकलेली वर्षं तोडून शीतगृहात ठेवतात. ज्याला हवं त्याने आपलं जुनं वर्ष सोडवून न्यावं. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच होतो. अण्णांनी पुढचं वाचलं आणि मी बसलो. तिसऱ्या प्रकरणात मेलेला नायक पाचव्यात चहा पीत होता. मध्ये द्राक्षांचा सीझन येऊन लिखाण बंद पडलेलं, तेवढ्यात अण्णा त्याचा मृत्यू विसरले होते. मी चूक दाखवली. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "शीतगृहात होता."

अण्णांच्या बायकोला, सुमनवहिनींना, या कादंबरीचा तिटकारा. "ग्रहांवर फिरतात, पण दळण आणायला सांगितलं की गुडघे दुखतात," हे त्या घरात म्हणायच्या आणि अख्ख्या कॉलनीला कळायचं.

अण्णा निवृत्त झाले आणि काही महिन्यांत वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

त्यानंतर कादंबरीत सहावं प्रकरण आलं. त्यात झेमरीची सम्राज्ञी यानाच्या कप्तानावर रागावते. नुसती रागावते. ओला टॉवेल गादीवर का टाकला, कोथिंबिरीची जुडी बघून का घेतली नाही, पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा श्रीखंड का मागितलं. साऱ्या ब्रह्मांडाची मालकीण, पण कप्तानाला 'अहो' म्हणते. तोवर कथा जागच्या जागी उभी.

अखेर एक प्रकाशक भेटला. मी सोबत गेलो होतो. भला माणूस. म्हणाला, कल्पना थोर आहे, युद्ध वाढवू, कॉम्प्रेसर कमी करू. अण्णांनी कॉम्प्रेसरवरसुद्धा पाणी सोडलं, तेव्हा मला पुस्तक छापून आल्यासारखंच वाटलं. मग तो म्हणाला, सहावं प्रकरण काढावं लागेल, त्याशिवाय छापता येणार नाही. अण्णांनी बाड पिशवीत घातलं आणि नमस्कार केला.

रिक्षात मी चिडलो. "अण्णा, उभं आयुष्य गेलं यात. एका प्रकरणासाठी सोडता?"

"ते अजून पूर्ण झालं नाही हो," एवढंच ते म्हणाले.

घरी वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. अण्णांनी चपला काढल्या, पाणीही न पिता समोर स्टूल ओढलं आणि वाचायला घेतलं.

"'अहो कप्तान, तुम्हाला कितीदा सांगितलं...'"

वहिनींनी डावा हात वर केला. अण्णा थांबले. खिशातून पेन काढून त्यांनी 'कप्तान' खोडलं.

"अहो ठोंबे?"

हात वरच.

"अहो शहाणे?"

वहिनींनी नापसंतीने डोळे मिटले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, जरासे लाजले.

"अहो नंदीबैल?"

हात खाली आला. अण्णांनी ते सावकाश लिहून घेतलं आणि पुढचं वाक्य वाचू लागले.