तिसऱ्या हाकेचे शालिकभाऊ

शालिकभाऊंना हाक मारायची तर तीनदा मारावी लागते. पहिल्या दोन वाया जातात. ते समोर ओट्यावर बसलेले असतात, तुमच्याकडेच बघत असतात, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात फिरवत असतात. पण ओ देत नाहीत. तिसरी हाक मारली की तुम्ही आत्ताच दिसल्यासारखे खूश होऊन म्हणतात, "बोला ना जी, वैनी!"

मुलांनो, हे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. तुम्ही तुमसरला आला होतात तेव्हा फारच लहान होतात, म्हणून तुम्हाला आठवणार नाहीत. उंच, वाळलेले, भर उन्हाळ्यातही कानाला मफलर. बपेरा गावाकडे धानाची थोडी शेती आहे, ती ठेक्यानं देऊन इथे घरात एकटे राहतात.

त्यांच्या या सवयीची अख्ख्या गल्लीनं सवय करून घेतली आहे. सिलिंडरवाला दारातून एका श्वासात "शालिकभाऊशालिकभाऊशालिकभाऊ" असं ओरडायचा. एकदा भाऊंनी त्याला खिडकीतून समज दिली, "दम घेऊन मार ना बे! एका दमात तीन म्हणजे एकच झाली." कुरिअरवाले तर एक हाक मारून निघून जातात, त्यामुळे भाऊंची पार्सलं माझ्याकडे येतात. फोनचंही तेच. दोनदा वाजून बंद झाला की ते मोबाईलकडे टक लावून बसतात आणि तिसऱ्यांदा वाजला की उचलतात. दवाखान्यात नर्सनं त्यांचं नाव दोनदा पुकारलं आणि पुढच्याला आत घेतलं, तेव्हा हे दुखरा दात धरून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते. नर्स चिडली. "आजोबा, ऐकू येत नाही का?" म्हणाली. हे म्हणाले, "आयकू येते म्हणूनच तं बसून आहो."

मी त्यांना एकदा कारण विचारलं. माझं शिक्षण नागपूरला मिशनऱ्यांच्या शाळेत झालं. तिथे प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला शिकवलं होतं.

"चकवा, वैनी," ते आवाज खाली आणून म्हणाले. "अंधारात माणसाले नाव घेऊन बलावते. वळखीच्या आवाजात. पण दोनदाच. तिसऱ्यांदा त्याचा गळा बसते."

"आणि ओ दिली तर?"

"माह्या मामानं देल्ली ना. तलावाच्या पाळीवरून कोनीतरी हाक मारली, मामा 'ओ' म्हनून निंगाला. सकाळी एक चप्पल पाळीवर अन् मामा पान्यात."

"आणि दुसरी चप्पल?" मी विचारलं. मला वस्तू जोडीनं असलेल्या आवडतात.

"तेच तं!" भाऊंनी मांडीवर थाप मारली. "थे अजून भेटली नाही."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्या रात्री मी उठून आपल्या चपला आत घेतल्या, एवढं खरं.

आता दुसरी गोष्ट सांगते. हिचा पहिलीशी काही संबंध असेल असं मलाही वाटलं नव्हतं. गावाबाहेर एक राईस मिल बंद पडलेली आहे. तिचं गोदाम काही तरुण पोरापोरींनी झाडून घेतलं, भिंतींना चुना मारला, कोंड्यानं भरलेली पोती बसायला मांडली आणि तिथे शनिवारी संध्याकाळी बँड बोलवायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'कोठार'. येणारे बँड कोणी कधी न ऐकलेले: गोंदियाचे, बालाघाटचे, नागपूरच्या हॉस्टेलमधले. स्वतःची गाणी स्वतःच लिहितात, स्वतःच गातात आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकतात.

या कोठाराचे सगळ्यांत नियमित श्रोते म्हणजे शालिकभाऊ. कानात कापसाचे बोळे घालून पहिल्या पोत्यावर बसायचे. गाणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मागे ड्रम वाजवणाऱ्याला नीट न्याहाळायचे आणि उठून चालू लागायचे. एकदा तर एका ड्रमवाल्याच्या तोंडावर केस आले होते, तर यांनी खिशातून टॉर्च काढून त्याच्या चेहऱ्यावर मारला. पोरांना ते गमतीचं वाटायचं. "इन्स्पेक्शनवाले आजोबा आले रे," म्हणायचे. "पास आहे का आमचा ड्रमर, आजोबा?" भाऊ मान हलवायचे आणि अंधारात निघून जायचे.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी ते माझ्या दारात आले. मफलर नाकापर्यंत ओढलेला होता.

"वैनी, आज तुमी चला माह्यासंगं. एकट्यानं जाची हिंमत नाही होऊन राहिली."

"का? काय झालं?"

"चौकात बोर्ड लागून आहे. 'आज सायंकाळी सात वाजता, चकवा.'" त्यांनी चौकाकडे बोट दाखवलं. "आजपर्यंत थो न सांगता येत होता. आता टाइम देऊन येऊन राहिला."

मी समजावलं की ते बँडचं नाव आहे. ते म्हणाले, "मले समजते जी. पण असं नाव कोनी कायले ठेवते?"  संध्याकाळ झाली तशी मी शाल घेतली आणि निघाले.

धुकं लवकर उतरलं होतं. रस्ता तलावाच्या कडेनं जातो. दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या रिकाम्या, आणि त्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे. धुक्यात ते गोल ढीग घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांसारखे दिसत होते. भाऊ त्या बाजूला बघत नव्हते. ते पाण्याच्या बाजूलाही बघत नव्हते. बघायला दुसरी बाजूच उरली नाही, तेव्हा ते बोलायला लागले.

"माहा नीलेश ड्रम वाजवते," ते म्हणाले.

त्यांना मुलगा आहे हे मला ऐकून माहीत होतं. मी इथे राहायला आले त्याआधीच तो घर सोडून गेला होता.

"लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवे. मी म्हनलो, धान सोडून पतरे बडवत फिरतं का बे? लय बोललो. थो निंगून गेला. मंग एका रात्री वापस आला. नीलेशची माय अड्याळले पोरीकडं गेली होती, मी एकटाच. दारातून 'बाबा' म्हनून हाक आली. मी खाटेवर जागाच होतो. आवाज वळखला. पन चकव्याचा आवाज बी वळखीचाच असते ना, वैनी? मी तिसरीची वाट पाहिली. दुसरी आली."

आम्ही चालत होतो. तलावात काहीतरी डुबकन वाजलं.

"तिसरी नाही आली. सकाळी बसस्टँडवरचा चहावाला म्हने, तुमचा पोरगा रातच्या गाडीनं आला होता, पाहाटेच्या गाडीनं गेला बी. बापानं दार उघडलं नाही असं त्याले वाटलं असन. त्याच्या मायलेबी तसंच वाटलं. थे अड्याळूनच नाही आली मंग."

मी म्हटलं, "मग आता तरी सोडून द्या ना हे तीन हाकांचं."

ते थांबले. "आज सोडलं तं मंग त्या दिशी काहून नाही सोडलं?" असं म्हणून ते पुन्हा चालू लागले.

आता मला टॉर्चचा अर्थ कळला. नीलेशचा फोन बंद होता, पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. ड्रम वाजवणारा कधीतरी ड्रम वाजवायलाच येईल, एवढा एकच धागा भाऊंच्या हातात होता.

कोठारात चाळीसेक पोरं होती. दोन मंद दिवे, तांदळाच्या कोंड्याचा जुना वास, वर छताच्या लोखंडात वटवाघळं. पहिला बँड गोंदियाचा, नाव 'सायकल स्टँड'. त्यांचं एक गाणं घरमालकाबद्दल होतं आणि दुसरं आईनं लपवून ठेवलेल्या चार्जरबद्दल. मला दुसरं आवडलं. भाऊंनी ड्रमवाला बघितला, मान हलवली. पण या वेळी उठले नाहीत.

मग 'चकवा' आले. एक अनवाणी मुलगी, दोन गिटारवाले, आणि ड्रमवर अंगातल्या जॅकेटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला एक जण. मुलीनं शब्द नसलेला एक सूर लावला, अगदी खालचा. त्या गोदामाला एक खोड आहे. ते आवाज घेतं, जरा वेळ स्वतःजवळ ठेवतं आणि मग वरून, जिथून पूर्वी धान खाली पडायचं त्या रिकाम्या नळातून, परत देतं. त्यामुळे मुलगी थांबली तरी सूर थांबला नाही. वर कोणीतरी उरलेला गाऊन संपवत होतं. माझ्या शेजारच्या पोरानं हसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

भाऊ पुढे वाकून त्या टोपीखाली बघत होते. टॉर्च हातात होता, पण तो लावायचं त्यांच्यानं होत नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली.

ड्रम दोन ठोके पुढे गेला आणि थांबला. डोळ्यांसमोर हात दिसेना. आणि त्या अंधारात मंचाच्या बाजूनं, फार जोरात नाही, दमलेल्या माणसानं मारावी तशी हाक आली.

"बाबा."

"ओ!" भाऊ ओरडले. पहिल्याच हाकेला. पोतं सरकल्याचा आवाज झाला, ते उभे राहिले होते. "ओ! ओ रे! आलो, बेटा!"

 वरच्या नळातून भाऊंचंच "आलो, बेटा" खाली आलं.

मग दिवे आले. टोपीवाल्यानं टोपी मागे केली होती. तो कोणी वेगळाच होता, कोवळी मिशी फुटलेला, आमच्याइतकाच घाबरलेला. मागून एक पोरगा म्हणाला, "काय आजोबा, चकव्यानं धरलं का?" दोघे-तिघे हसले.

भाऊ मंचाजवळ गेले. "मले हाक कोनी मारली?"

मुलगी खाली बसली, त्यांच्या तोंडासमोर. "इथून कोणीच नाही मारली, आजोबा. माइकच बंद होता ना."

"माह्या पोराचा आवाज होता."

मी पुढे होऊन म्हटलं की हाक मीही ऐकली. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या साथीदारांकडे. त्यांनी माना हलवल्या. त्या हॉलमध्ये ती हाक आम्हा दोघांशिवाय कोणीच ऐकली नव्हती. मुलांनो, मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. वीज नसताना माइक बोलत नाही एवढं विज्ञान मला येतं. पुढचं येत नाही.

"नाव काय मुलाचं?" तिनं विचारलं.

"नीलेश. ड्रम वाजवते."

"मी ओळखत नाही. पण आमचं सगळं मोबाईलवर लाइव्ह चालू असतं, आजोबा. वाजवणारी मुलं बघतात. मी विचारू माइकवर?"

"किती दूर जाते थे?"

"कुठेही जातं."

 भाऊंनी कानांतले कापसाचे बोळे काढून खिशात ठेवले, मफलर खाली केला आणि माइकसाठी हात पुढे केला. मुलीनं तो दिला. मंचासमोर तिपाईवर लावलेल्या मोबाईलकडे बोट दाखवून ती म्हणाली, "इकडे बघून बोला."

 भाऊंनी माइक दोन्ही हातांनी, पाण्याचा तांब्या धरावा तसा धरला होता. त्यांचा श्वास आधी सगळ्या गोदामात ऐकू आला.

"नीलेश," ते म्हणाले, "त्या राती मी घरीच होतो, बेटा. जागाच होतो. तुह्या दोनी हाका आयकल्या मी. भेलो होतो. तुले नाही रे. अंधाराले भेलो होतो."

नळानं ते शब्द वर घेतले, आणि भाऊ मान वर करून ते परत येईपर्यंत उभे राहिले. आले, तेव्हा ऐकले. मग माइक मुलीच्या हातात देऊन पोत्यावर येऊन बसले आणि टोपीवाल्या ड्रमरला म्हणाले, "तू काहून थांबला, बाबू? वाजव ना. मोठ्यानं वाजव."