डिस्प्ले बदलायचा होता

दुकानाचं शटर वर जातं न जातं, तोच वहिनींनी विषय काढला.

"अहो, खिडकीतला तो डिस्प्ले बदला आता. बघवत नाही."

"बघू," दादा म्हणाले.

हा 'बघू' गेली कित्येक वर्षं जिथल्या तिथे होता आणि खिडकीही जिथल्या तिथे होती. पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. दर्शनी काचेमागे दोन पुतळे उभे. एकाचं नाक उडालेलं. दुसऱ्याचा हात मनगटापासून उलटा बसलेला, त्यामुळे तो सतत पाठीमागून कुणाकडून तरी काहीतरी घेत असल्यासारखा दिसे. अंगातले कोट उन्हाने इतके विटले होते, की एक बाही तपकिरी आणि एक बदामी झाली होती. दादांचं म्हणणं, गिऱ्हाईक कापड बघून येतं, खिडकी बघून नाही. वहिनींचं म्हणणं, येतंय कुठे?

तर 'बघू' म्हणून दादा अस्तर आणि बटणं आणायला बाजारात गेले. दुकानात उरल्या वहिनी आणि मागच्या खोलीत त्यांचे सासरे, मामंजी. मामंजी मूळचे शिंपी. दुकान त्यांनीच उभं केलेलं, पण आताशा ते मशीनशेजारी बसून नुसतं पेपर वाचत आणि वाचता वाचता डुलक्या काढत.

बाजारात बसमधून उतरताना दादांच्या खिशातला मोबाइल निसटला आणि तोंडावर आपटला. स्क्रीन काळाठिक्कर. जवळच्या दुरुस्तीवाल्याने फोन उलटसुलट करून, नाडी हाती न लागलेल्या डॉक्टरसारखी मान हलवली. "डिस्प्ले गेला, साहेब. नवीन टाकावा लागेल." दादांनी त्याचाच फोन घेऊन दुकानात कळवलं. आता, आधी काय पडलं नि काय फुटलं ते सांगून मग पुढचं बोलावं, एवढं भान त्यांना राहिलं नाही.

"अगं, मी बोलतोय. डिस्प्ले बदलून घेतोय."

वहिनींनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. "काय म्हणता! खरंच?"

"खरंच म्हणजे काय? जुना पार गेलाय. त्यात आता काही राम नाही."

"तेच तर मी म्हणत होते! हा नंबर कुणाचा?"

"दुकानदाराचा. त्याच्याकडेच बसलोय."

"म्हणजे दुकानातसुद्धा गेलात! उजेड बरा आहे ना त्याला?"

"अगदी चकचकीत. भर उन्हातसुद्धा स्वच्छ दिसतं म्हणतो."

"आणि हलतं-बिलतं का? हल्ली हलणारे असतात म्हणे."

"बोट लावलं की हलतं. पहिल्यापेक्षा भराभर."

वहिनींनी काउंटरचा आधार घेतला. हलणारे पुतळे! आणि तेही ह्या माणसाने स्वतः होऊन घेतलेले! "मग जुना काढून टाकू ना?"

"तो काढावाच लागणार. त्याशिवाय नवीन बसेल कसा? बरं, संध्याकाळपर्यंत मला फोन करू नकोस, लागणार नाही." आणि दादांनी फोन ठेवला.

वहिनींनी पदर खोचला. बघता बघता खिडकी रिकामी झाली. दोन्ही पुतळे कोट उतरवून दाराबाहेर, फुटपाथच्या कडेला, तोंडं भिंतीकडे करून उभे राहिले. तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला बाहेर आला.

"वहिनी, हे काय? आवरायला काढलं की काय?"

"आवरायलाच. जुनं सगळं जाणार. संध्याकाळी नवीन येतंय."

"दादांनी सांगितलं नाही काही."

"त्यांचं आतल्या आत ठरतं सगळं," वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

चष्मेवाल्याने हळहळत मान हलवली आणि आत जाऊन जागेच्या मालकाला फोन लावला, की दादा दुकान बंद करतायत आणि संध्याकाळी कुणी नवीन येतंय.

इकडे वहिनींच्या मनात आलं, नवीन पुतळ्यांना घालायला सूटही नवीनच हवा. कपाटातून त्यांनी गर्द निळा सूट काढला, इस्त्री केला. पण तो उभ्या माणसाच्या अंगावर कसा पडतो ते बघायचं तर माणूस हवा. माणूस एकच होता.

"मामंजी, जरा हा घालता का?"

"माझं लग्न ठरवलंयस की काय, सूनबाई?" मामंजी म्हणाले, पण उठले. सूट त्यांना असा बसला, की वहिनींनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मामंजींनाही आरशासमोरून हलवेना. मग रिकाम्या खिडकीत छान उतरतं ऊन आलेलं पाहून ते खुर्ची घेऊन तिथे बसले. पाय पायावर टाकला, हात मांडीवर ठेवले आणि सवयीप्रमाणे झोपले.

पहिल्यांदा दोन बायका थांबल्या.

"अगं बाई, किती हुबेहूब! सुरकुत्यासुद्धा केल्यात."

"छाती बघ, वर-खाली होतेय. आत मोटार असणार."

त्या थांबल्या म्हणून आणखी चारजण थांबले. मामंजींनी झोपेतच कान खाजवला, तेव्हा तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या. वहिनी खरं सांगायला दाराशी आल्या, पण दुकानासमोर एवढी माणसं त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. त्या परत आत गेल्या आणि फडकं घेऊन आधीच पुसलेला काउंटर पुसू लागल्या.

ह्या गर्दीतून वाट काढत जागेचा मालक आला. सोबत दुकानासाठी जागा शोधणारा एक बूटवाला, हातात टेप. बूटवाल्याने कुणाला काही न विचारता दाराची रुंदी मोजायला घेतली.

"न सांगता निघालात, वहिनी?" मालक दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "इतक्या वर्षांचा संबंध. मी काय नाही म्हणालो असतो?"

"निघालो? कुठे निघालो?"

"तेच तर मला कळायला हवं!"

आणि नेमके त्याच वेळी दादा कोपऱ्यावरून वळले. आधी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभे असलेले आपले दोन उघडे पुतळे दिसले. मग गर्दी. मग गर्दीच्या डोक्यांवरून, काचेत, डोळे मिटून बसलेले सुटातले वडील. दादांच्या हातातली बटणांची पिशवी गळाली. "बाबा!" असं ओरडत ते धावले आणि काचेवर दोन्ही हात आपटले.

मामंजींनी एक डोळा उघडला. "हळू. काच फुटेल."

"बोलतोसुद्धा!" मागून कुणीतरी म्हणालं.

दादा धापा टाकत आत आले. वहिनींनी त्यांच्या मागे टेम्पो दिसतो का ते वाकून पाहिलं. "आणलात?"

"काय?"

"डिस्प्ले!"

दादांना काही उलगडा होईना, पण विचारलंय तर त्यांनी खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. "हा काय. बघ, कसा लख्ख आहे."

वहिनींनी मोबाइलकडे पाहिलं. मग रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा मोबाइलकडे. "एवढाच?" त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

दोघांच्याही डोक्यात सकाळचं बोलणं हळूहळू पहिल्यापासून उलगडलं. वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. दादा घोटभर पाणी प्यायले, भरपूर बोलायचं म्हणून त्यांनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ मालकाला बाजूला सारून काउंटरशी आले.

"खिडकीतल्या आजोबांच्या अंगात आहे ना, अगदी तसाच सूट. माझ्या मापाचा शिवाल?"

"मलाही," मागून आवाज आला. "म्हणजे माझ्या वडिलांना. त्यांची अंगकाठी अशीच आहे."

मामंजी एव्हाना खुर्चीवरून उतरले होते. गळ्यात टेप टाकून ते म्हणाले, "रांगेत या. आणि पोट आत ओढायचं नाही. मला खरं माप लागतं." दाराशी मोजमाप करणाऱ्या बूटवाल्याकडे त्यांनी एकदाच असं पाहिलं, की त्याने आपला टेप गुंडाळला आणि मालकाला घेऊन तो निघून गेला.

दादांना जे बोलायचं होतं ते रात्री जेवतानाही राहून गेलं, कारण बोलायला लागलं की वहिनी विचारत, "अस्तर पुरेल ना हो?"

दुसऱ्या दिवशी मशीन सकाळपासून खडखडत होतं. मामंजींना मान वर करायला फुरसत नव्हती. आणि बाहेर लोक काचेला नाक लावून विचारत होते, "कालचे आज नाहीत का?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. दादा मागे सरकले.

"छे! भलतंच काहीतरी!"

"हात वर करा," वहिनी कोट पुढे धरत म्हणाल्या.

थोड्याच वेळात दादा खिडकीत होते. वहिनी बाहेर रस्त्यावर उभ्या राहून खुणा करत होत्या: मान जराशी डावीकडे, हनुवटी वर, चेहरा एवढा कडू नको. दोन कॉलेजकुमार थांबून कॉलर निरखू लागले, तसा दादांनी श्वास रोखला.

चष्मेवाल्याने आपल्या दुकानातून हे सगळं बघितलं. तो आला, मागच्या दाराने खिडकीत शिरला आणि एक नवाकोरा सोनेरी काड्यांचा चष्मा दादांच्या नाकावर नीट बसवून गेला. काडीला ठळक अक्षरांत किमतीचं लेबल होतं, ते त्याने बाहेरून वाचता येईल असं वळवलं.

दादांना त्याला बरंच काही ऐकवायचं होतं. पण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं आणि लेबल गालाला गुदगुल्या करत होतं. त्यांनी फक्त डोळे फिरवून वहिनींकडे पाहिलं.

"असू द्या," काचेपलीकडून वहिनी म्हणाल्या. "शोभतोय."